ताप उतरला आणि पुरळ उठलं

प्रश्न : माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. गेल्या महिन्यात त्याला तीन दिवस १०३-१०४ ताप होता. पहिल्याच रात्री आकडी आली. दोनेक मिनिटांत थांबली, पण आमचे हातपाय गळाले. ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या गटातलं औषध सुरू होतं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पोट, पाठ, मानेवर गुलाबी पुरळ उठलं. सासूबाई म्हणाल्या, गोवर निघाला, दोन दिवस आधी जत्रेत नेलं त्याचं हे. दवाखान्यात फाइलवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' लिहिलं. नंतर दुसरे डॉक्टर रोझिओला म्हणाले. पुढे फिट्सचा आजार होईल का? घरी दोन म्हशी आणि कुत्रा आहे, त्यांच्यामुळे झालं का?
– एक आई, कराड तालुका

उत्तर : ताई, तुम्ही दिवस नीट मोजून लिहिलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. आधी कडक ताप, तो उतरल्यावर पुरळ आणि मूल पुन्हा खेळायला लागलेलं, ही रोझिओला या बाळांच्या विषाणूजन्य तापाची ओळख. गोवरात उलट असतं. पुरळ उठतं तेव्हा ताप आणखी चढतो, खोकला असतो, डोळे लाल होऊन पाणी गळतं. तरी नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस झाली आहे ना, ते कार्डावर बघा. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवरानं मुलं दगावली, तेव्हापासून मी हे प्रत्येक आईला विचारते.

मी शिकत होते तेव्हा, १९८४ साली, आमच्या पुस्तकात या आजाराचं कारण 'अज्ञात' होतं. १९८६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत एक नवा हर्पिसविषाणू सापडला, आणि १९८८ मध्ये जपानमध्ये कोइची यामानिशी यांच्या गटानं तोच रोझिओलाच्या बाळांच्या रक्तात दाखवला. बाळांमधल्या त्या प्रकाराला आज आपण एचएचव्ही-६बी (माणसाचा हर्पिसविषाणू, सहावा, ब प्रकार) म्हणतो. काही बाळांना त्याचा भाऊबंद एचएचव्ही-७ हाच आजार देतो.

विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायला साधारण नऊ-दहा दिवस लागतात. जत्रा तापाच्या दोनच दिवस आधीची, तेव्हा हिशेब जुळत नाही. बहुतेक वेळा तो घरातल्याच कुणा धडधाकट माणसाच्या लाळेतून येतो. जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसात तो लहानपणापासून झोपलेला असतो आणि अधूनमधून लाळेत उतरतो. आईकडून मिळालेलं संरक्षण सहा महिन्यांनंतर ओसरतं, म्हणून याच वयात गाठतो. बाळाचा पापा घेणाऱ्या आजीला किंवा आत्याला कुणी बोल लावू नये, आणि तुम्ही स्वतःलाही लावू नका. म्हशी आणि कुत्र्याचा यात काही संबंध नाही. या कुळातले विषाणू आपापल्या प्राण्याला धरून राहतात. माणसाचे वेगळे, माकडांचे वेगळे, डुकराचा आणि उंदराचाही वेगळा.

रोझिओलात दहा मुलांमागे एखाद्याला तरी आकडी येते. तापाची साधी आकडी आलेल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, होत नाही. पुढच्या एखाद्या तापात आकडी पुन्हा येऊ शकते, तीनातल्या एकाला येते. तेव्हा बाळाला कुशीवर झोपवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, तो घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबूनही बाळ नीट शुद्धीवर आलं नाही, तर सरळ दवाखाना गाठा.

आता त्या ॲलर्जीच्या शिक्क्याबद्दल. १९९३ साली मी स्वतः अशाच एका बाळाच्या कागदावर लाल शाईनं 'पेनिसिलिन नको' लिहिलं. आठवीत त्याला संधिवाताचा ताप आला, हा सांध्यांबरोबर हृदयालाही इजा करणारा आजार. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन हवं होतं, पण माझ्या त्या ओळीमुळे कुणी धजावलं नाही. दुसऱ्या गोळ्या चालू झाल्या, त्यात खंड पडला. पुढे तपासल्यावर कळलं, ॲलर्जी नव्हतीच. तोवर हृदयाच्या झडपेला इजा झाली होती. ती फाइल मी अजून विसरलेली नाही. म्हणून सांगते, पुरळाचे फोटो आणि औषधाच्या तारखा घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ही नोंद तपासून घ्या. घरी डोस देऊन बघू नका. डोसनंतर लगेच गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली असेल, तर मात्र शिक्का राहू द्या.

प्रश्न : माझ्या भावाचं नाव किडनीच्या यादीत आहे. अमेरिकेत डुकराचं हृदय बसवलेल्या माणसाला डुकराचा विषाणू लागला, असं वाचलं. तो रोझिओलाच्या विषाणूच्या कुळातला का? भावाला काही धोका?
– वाचक, पुणे

उत्तर : हो, याच कुळातला. ७ जानेवारी २०२२ रोजी बाल्टिमोरमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ५७ वर्षांच्या डेव्हिड बेनेट यांना दहा जनुकबदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलं. ८ मार्चला ते गेले. त्यांच्या रक्तात डुकराच्या ज्या विषाणूचा अंश सापडला त्याला सायटोमेगॅलोव्हायरस म्हणतात, पण नात्यानं तो आपल्या रोझिओलाच्या विषाणूला जवळचा. डुकराच्या नाकातल्या नमुन्यात तो दिसला नव्हता, कारण झोपलेला विषाणू नाकात येत नाही. बेनेट यांच्या स्वतःच्या पेशींना त्याची लागण झाल्याचा पुरावा नाही, मात्र नव्या हृदयाचं नुकसान होण्यात त्याचा हात असावा, असं त्या डॉक्टरांनीही म्हटलं. बबून माकडांवरच्या प्रयोगांत असा विषाणू असलेली डुकराची हृदयं लवकर निकामी झाली होती. पिल्लं डुकरिणीपासून लवकर तोडून वेगळी वाढवली तर त्याला टाळता येतं.

तुमच्या भावाला किडनी माणसाची मिळणार, तेव्हा डुकराच्या विषाणूची चिंता नको. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी त्याचा स्वतःचा झोपलेला रोझिओलाचा विषाणू मात्र जागा होऊ शकतो. सर्वांत मोठा धोका अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांना असतो, त्यांतल्या काहींच्या मेंदूला सूज येऊन स्मरण जातं. किडनीच्या रुग्णांत हे क्वचित होतं. तरी प्रत्यारोपणानंतर ताप आला, किंवा सकाळचं जेवण आठवेना, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी प्रत्यारोपण विभागाला फोन करा. उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात.