वारसा आणि गावचा रोजगार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जव्हारजवळ आमची चार खोल्यांची पर्यटक निवासाची जागा आहे. व्हरांड्याच्या सिमेंटच्या भिंतीवर गेरू लावून वारली चित्रे काढून घेतली, पण पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघाले. पुन्हा काढायची तर काय काळजी घ्यावी? आणि लग्नाचा चौक काढून घेतला तर चालेल का?

पोपडे निघाले त्यात चित्रकाराचा दोष नाही, भिंतीचा आहे. गेरू आणि तांदळाचे पीठ ही शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या (काठ्याकामट्यांच्या) भिंतीची जोडी. कूड ओल शोषतो आणि सोडतोही. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर, त्यातही जुन्या चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर, गेरूला धरायला काही मिळत नाही. मागून ओल आली की सगळा थर सुटतो.

आधी भिंत तपासा. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दवासारखे थेंब दिसले तर रंगकाम थांबवा, ओल कुठून येते ते शोधा. भिंत कोरडी असेल तर जुना थर पूर्ण खरवडून बाहेरच्या भिंतींचा प्रायमर द्या, त्यावर गेरूच्या छटेचे ॲक्रिलिक इमल्शन आणि चित्रासाठी पांढरा ॲक्रिलिक. खालचा दीड फूट चित्राविना सोडा, पागोळ्यांचे शिंतोडे तिथेच उडतात.

तांदळाचे खरे काम आतल्या एखाद्या सारवलेल्या भिंतीवर करून घ्या. वाटीभर तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे मऊ वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि त्यात चमचाभर डिंकाचे पाणी घालायचे. कोपऱ्यात एक रेघ ओढून ती वाळू द्या. बोटाला पीठ लागले तर डिंक कमी पडला, रेघेला तडे गेले तर मिश्रण दाट झाले. ओली रेघ फिकट दिसते, वाळल्यावर पांढरी होते. हे ठाऊक नसलेला मालक घाईने दुसरा हात द्यायला लावतो आणि नाजूक माणसे जाडजूड होतात. हे मिश्रण उन्हाळ्यात दिवसभरात आंबते, म्हणून रोजच्यापुरतेच करावे. काडी बांबूचीच हवी, टोक चेचून तंतू सुटे केलेली. बाजारच्या कुंचल्याने ती रेघ येत नाही.

आता चौकाचे. चौक म्हणजे लग्नविधीतले चौकोनी चित्र, सजावट नव्हे. तो लग्नघरी सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी स्त्री, गाणी म्हणते. जेवणाच्या टेबलामागे तो काढून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तारप्याचा (फुंकवाद्याचा) नाच, भातलावणी, ताडीची झाडे, मासेमारी असे विषय भरपूर आहेत. चित्रकारालाच विचारा, तो किंवा ती सांगेल काय काढायचे. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी सत्तरच्या दशकापासून ही कला लग्नघराबाहेर कागदावर आणि कापडावर नेली, ती रोजच्या जगण्याचे असेच विषय घेऊन.

मजुरी चौरस फुटावर ठरवू नका. एका फुटात तीन माणसे मावतात, तशीच तीसही मावतात. फुटावर पैसे मिळणार असतील तर चित्र विरळच होणार. दिवसाची मजुरी ठरवा, जेवण आणि प्रवास वेगळा द्या. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव, पाडा आणि साल लिहून घ्या. पुढे तेच चित्र तुमच्या टी-शर्टावर किंवा जाहिरातीत छापायचे असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि तेही लेखी.

प्रश्न : विजयदुर्गच्या तटाजवळ आमची जागा आहे. किल्ला आता जागतिक वारशाच्या यादीत आला आहे. तिथे दोन नव्या खोल्या बांधता येतील का?

यादीतला समावेश जुलै २०२५ मधला, पण बंधन त्याआधीपासूनचे आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम होत नाही. जुन्या घराची दुरुस्तीही परवानगी घेऊनच करायची. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने बांधता येते. अंतर मोजायचे ते हद्दीपासून, तटाच्या दिसणाऱ्या दगडापासून नव्हे. बरेच जण इथेच चुकतात आणि पाया भरल्यावर नोटीस हातात पडते. समुद्रकिनाऱ्याचे नियम वेगळे, तेही पाहावे लागतील. आधी हद्दीचा नकाशा मिळवा, मग गवंड्याला बोलवा. जागा १०० मीटरच्या आत निघाली तर आहे ते कौलारू घर परवानगीने नीट करून त्यातच पाहुणे ठेवा.

प्रश्न : सावंतवाडीजवळ आम्ही बचत गटातर्फे घरगुती मुक्काम चालवतो. पाहुण्यांना गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, दाखवायची इच्छा आहे. पूर्ण संच महाग पडतो, आणि खेळ कुणाला येत नाही. काय करता येईल?

दशावतारी गंजिफेत १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांचे गट), प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. हाताने रंगवलेला असा संच स्वस्त असूच शकत नाही. कुणी स्वस्तात देत असेल तर तो छापील आहे, असे समजा. सत्तरच्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ही कला पुन्हा उभी केली. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणून बाहेरून छापून आणलेल्या पानांवर ‘सावंतवाडी गंजिफा’ असे लिहून विकू नका.

पाहुण्यांना दोन तास द्या. एका कारागिरामागे आठ जण, त्याहून जास्त नकोत. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, वर थर चढवून आणि घोटून चकत्या कापत. दोन तासांत हे होत नाही, आणि पावसाळ्यात तर थर वाळतच नाहीत. म्हणून तयार, पार्श्वभूमीचा रंग दिलेल्या चकत्या कारागिराकडूनच विकत घ्या. त्यातही त्याला पैसे मिळतात. मूळ पान लहान असते. नवख्या हाताला आठ-नऊ सेंटिमीटरची चकती बरी.

पहिल्यांदाच राजा काढायला देऊ नका. मत्स्याची तिर्री किंवा कूर्माचा चौका द्या. तीन मासे, नाहीतर चार कासवे. आधी माशाचे अंग सपाट रंगाने भरायचे, ते पूर्ण वाळू द्यायचे, मग खवले आणि शेवटी काळी बाह्यरेषा. पाहुणे उलटे करतात, आधी डोळा आणि रेघ काढतात, मग रंग भरताना ती फासली जाते. वाळायच्या मधल्या पंधरा मिनिटांत खेळ समजावा, वेळ रिकामा जात नाही. घरी नेलेले पान वाकले अशी तक्रार येते. कारण बहुधा ओले पान पिशवीत घालणे हेच असते. दोन पुठ्ठ्यांत दाबून द्या.

खेळायला छापील संच ठेवा, रंगवलेला नको. तेलकट बोटांनी रंग जातो, आणि पाठीवर एक डाग पडला की ते पान सगळ्यांना ओळखू येते. मूळ खेळ तिघांचा, प्रत्येकाला ४० पाने. इतकी गोल पाने पंख्यासारखी धरणे नव्या माणसाला जमत नाही. चारच रंग घ्या : ४८ पाने, प्रत्येकी १६. मूळ खेळात निम्म्या रंगांमध्ये पानांचा क्रम उलटा लागतो, म्हणजे राजा-प्रधानानंतर दश्शी नव्हे तर एक्का मोठा. सुरुवातीला चारही रंग सरळ क्रमाचे ठेवा. संध्याकाळी डाव रंगला की उलट्या क्रमाचे दोन रंग त्यात आणा. गंमत खरी तिथे सुरू होते.

विक्रीला एकेका अवताराची १२ पाने किंवा दहा राजांची चौकट ठेवता येते. खर्च वजा जाता राहिलेल्यातले किती कारागिराचे हे हंगामाआधी वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला पर्यटकांसाठी दशावताराचा नाट्यप्रयोग ठेवायचा आहे. रात्रभर कुणी बसणार नाही. तासाभरात उरकता येईल का?

उरकू नये, पण नीट बेतता येते. संवाद लिहिलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे रचतात. त्यामुळे नाटक कंपनीच्या मालकाला आधी सांगितले तर एक आख्यान दीड तासात बसते. मात्र एकच युद्ध, एकच विनोदी प्रवेश आणि सुरुवातीचे गणपतीस्तवन ठेवा. तासाचा आग्रह धरला की पहिला बळी पखवाज आणि पायपेटीच्या गाण्याचा जातो, आणि मग नुसते ओरडणे उरते. आख्यानाची गोष्ट दहा ओळींत मराठी-हिंदीत छापून प्रेक्षकांना आधी वाटा.

कार्तिकापासून जत्रा लागतात, तेव्हा कंपन्यांना सवड नसते. पावसाळ्यात त्या मोकळ्या असतात आणि पर्यटनही मंद असते. पत्र्याच्या सभागृहात मात्र पाऊस वाजला की संवाद ऐकू येत नाहीत, कौलारू जागा बघा. मानधन सुपारी देतानाच ठरवा, ताट फिरवून गोळा करू नका. नट स्वतःचा रंग स्वतः लावतात. ते पाहायला मिळणे हा पर्यटकाला मोठा लाभ आहे, पण कंपनीची परवानगी घेऊन आणि एका वेळी पाच-सहा जणांनाच. गावच्या जत्रेत मात्र पर्यटकांसाठी पुढच्या खुर्च्या राखू नका. तो मांड (खेळाची जागा) देवाचा आणि गावाचा आहे, पाहुण्याने गावासोबत जमिनीवर बसावे.

पाहुणे पंधरा-वीसच असतील तर पूर्ण कंपनी बोलावण्यापेक्षा कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी बरी. ठाकर समाजातले कलाकार पोथीतले एकेक चित्र उभे धरून, वाद्याच्या साथीने गाऊन रामायण-महाभारतातली कथा सांगतात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. याला रंगमंच लागत नाही, पडवी पुरते. चित्रे सगळ्यांना दिसावीत म्हणून अर्धवर्तुळात बसवा आणि दिवा चित्राच्या बाजूने लावा, समोरून लावला तर कागद चमकतो. जुनी मूळ चित्रे बाहेर काढायचा हट्ट धरू नका. नव्याने काढलेल्या पोथीवर कथा तितकीच रंगते, आणि पाहुण्याला आवडले तर त्यातलेच चित्र तो विकत मागू शकतो.