भूकंपात जमीन चिखलासारखी होऊ नये म्हणून जिवाणूंचा खरंच उपयोग होतो का?

होतो. पाण्याने भरलेली सैल वाळू जोरात हादरली की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन वाहू लागते. १९६४ मध्ये जपानच्या निगाता शहरात अख्ख्या इमारती फारशा न मोडता कलंडल्या, त्या यामुळेच.

स्पोरोसार्सिना पाश्चुराय हा मातीतला जिवाणू युरियाचं विघटन करतो. सोबत कॅल्शियम क्लोराइड दिलं की वाळूचे कण जिथे टेकतात तिथे कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) जमतं आणि कण सांधले जातात. वाळूचा कच्चा खडकच होतो म्हणा ना! मात्र यात अमोनियम तयार होतं, ते भूजलातून काढावं लागतं.

मला दुसरी पद्धत जास्त आशादायक वाटते. जमिनीत आधीच असलेल्या जिवाणूंना नायट्रेट आणि खाद्य पुरवायचं. ते नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सोडतात. पाणी दाबलं जात नाही, पण बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे हादऱ्यात पाण्याचा दाब तितका चढत नाही. अमेरिकेत पोर्टलंडच्या गाळाच्या जमिनीवर याच्या चाचण्या झाल्या आहेत. उभ्या इमारतीखाली मोठं खोदकाम न करता हे करता येतं, आणि जुन्या वस्त्यांना नेमकं तेच हवं असतं.