वाचकांचे प्रश्न : टॉवर स्पीकर घ्यावा की बुकशेल्फ?

प्रश्न : गंगापूर रोडवर आमच्या फ्लॅटचा हॉल १२ बाय १६ फुटांचा आहे. शोरूममध्ये चार लाखांचे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) आणि दीड लाखाचे बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) ऐकले. टॉवर उघडउघड सरस वाटले. पण अडीच लाखांचा फरक खरंच आवाजात आहे का? ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि तबला. – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही जोड्या व्हॉल्यूमच्या एकाच खुणेवर ऐकल्या असतील, तर ती तुलना सोडून द्या. टॉवरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजवर तो किती मोठा वाजतो ते, ९० डेसिबल आणि बुकशेल्फची ८६ असली, की त्याच खुणेवर टॉवर ४ डेसिबल मोठा वाजतो. आणि जरा मोठं वाजलेलं कानाला उजवंच वाटतं. आधी पातळी जुळवा. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा ‘श्श’ आवाज) लावा, फोनमधल्या साउंड मीटर ॲपची सेटिंग ‘सी’ आणि ‘स्लो’वर ठेवा, फोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर टेकवा आणि दोन्ही जोड्यांमधला फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा चुकीचा असला तरी बिघडत नाही, आपल्याला फरकाशी मतलब. मग एकच तुकडा अर्धा-अर्धा मिनिट आलटूनपालटून ऐका.

माहितीपत्रकातली एक मेख : सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टवर दिलेली असते. ८ ओहम रोधाच्या स्पीकरला त्याचा १ वॉट होतो, ४ ओहमच्याला २. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचे ८७ डेसिबल हे वॉटमागे ८४च.

खरी गोम मात्र खोलीत आहे. १२ फुटांच्या रुंदीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १६ फुटांच्या लांबीत ३५ च्या आसपास खोली स्वतःच घुमते. टॉवर तेवढ्या खालच्या सुरांपर्यंत उतरतो, म्हणून तो घुमारा जागा करतो. पोर्ट (स्पीकरच्या पेटीचं हवेचं भोक) मागे असेल आणि स्पीकर भिंतीला चिकटून असेल, तर विचारूच नका. डग्ग्याची घीस लावून पाहा : सूर चढताना मधेच एखाद्या जागी ‘ढुम्म’ झालं, तर सोफा फूटभर पुढे-मागे सरकवा. तेवढ्याने फरक पडला, तर दोष खोलीचा.

गाणाऱ्याचा गळा बहुतेक १०० हर्ट्झच्या वरच असतो. तिथे चांगला बुकशेल्फ कमी पडत नाही. तुमच्या हॉलला माझा कौल बुकशेल्फलाच. वाचलेल्या पैशांतून ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा पेटीतला छोटा भाग) कानाच्या उंचीला येईल असे वजनदार स्टँड घ्या आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर, स्पीकर व सोफ्याच्या मधे, जाड गालिचा टाका. पैसे देण्याआधी दोन दिवस घरी वाजवायला मागा. महाग माल विकणाऱ्याने एवढं करायलाच हवं.

प्रश्न : पंधरा वर्षं जुनी, नामांकित स्पीकरची जोडी स्वस्तात मिळतेय. काय तपासू? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : वूफरची (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाची) कड फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा, भुगा पडला तर कड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. रबराची कड जास्त टिकते. वूफरचा कोन (मधला शंकूसारखा पडदा) दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत ढकला. खरखर आली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासतेय, घेऊ नका. ट्वीटरला हात लावू नका. मोनो (दोन्हीकडून एकच आवाज येणारं) गाणं बारीक आवाजात लावून एकेका स्पीकरजवळ कान न्या. दोन्ही सारखे वाजले पाहिजेत.