हार्ट्‌स या पत्त्यांच्या खेळात पहिली उतारी कोणाची, आणि पहिल्या हाताला बदाम टाकता येतो का?

उतारी किल्वरची दुर्री ज्याच्याकडे असेल त्याची, आणि तीच दुर्री उतरावी लागते. पण आधी तीन पानांची अदलाबदल पूर्ण होऊ द्या, कारण त्यात दुर्री दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते.

बाकीच्यांनी किल्वर असेल तर किल्वरच टाकायचं. नसेल तर दुसरं कोणतंही पान चालतं, मात्र नेहमीच्या नियमांत पहिल्या हाताला बदाम किंवा इस्पिकची राणी टाकता येत नाही. म्हणजे हा हात कोणीही ओढला तरी गुण शून्य, आणि या खेळात गुण टाळायचेच असतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: किल्वरचा एक्का किंवा राजा असेल तर तो इथेच काढून टाका. नवे खेळाडू घाबरून चौव्वी-पंजी टाकतात, एक्का जपून ठेवतात, आणि पुढे त्याच एक्क्यावर कोणीतरी राणी सोडतं. एका फटक्यात 13 गुण अंगावर!

किल्वर मुळीच नसेल तर इस्पिकचा एक्का किंवा राजा घालवायची ही उत्तम संधी.

बदामाची उतारी मात्र, आधी कोणीतरी बदाम टाकून तो फुटल्याशिवाय करता येत नाही. हातात फक्त बदामच उरले असतील तेवढीच सूट. राणी पडल्यावर बदाम फुटला असं काही ठिकाणी मानतात, ते खेळ सुरू होण्याआधी ठरवून घ्या.