दूध ‘गेलं’ असेल तर ‘वेंट’च लिहा

प्रश्न असा आहे: ‘इंग्रजीत बिकम, गेट, गो, टर्न, ग्रो या सगळ्यांचा अर्थ “होणे” असेल, तर सगळीकडे बिकम लिहिलं तर काय बिघडतं? लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का?’

बिघडतं. याच जागेवरच्या एका क्रियापदापायी चार गावांच्या दूध संस्थांचे पैसे बुडालेले मी पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९१ चा मे महिना. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघाच्या लॅबमध्ये मी नुकताच लागलो होतो. बीएस्सी केमिस्ट्री, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. त्या दिवशी सकाळच्या दुधाची एक गाडी वाटेत बंद पडली. एरवी दोन तासांत डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेतात तिथे, येणारी गाडी दुपारी दीडला आली. चाळीस लिटरचे कॅन, बर्फ नाही, वर ताडपत्री. पहिलं झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. तरी प्रत्येक संस्थेचा नमुना घेतला. परीक्षानळीत दूध उकळलं की फाटतं का ते पाहिलं, चारही फाटले. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१५ टक्के असते. हे चारही नमुने ०.२३ च्या पुढे होते आणि एकमेकांच्या अगदी जवळ होते.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एखाद्या गावाने रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलं असतं, तर त्या एकाच गावाचे कॅन आंबट निघाले असते. चार वेगवेगळ्या गावांचं दूध एकदम, एकसारखं आंबतं, तेव्हा दोष गाडीचा असतो. म्हणून मी अहवालात लिहिलं, ‘द मिल्क वेंट सावर इन ट्रान्झिट’, म्हणजे दूध वाटेत आंबलं. लॅबचे सगळे फॉर्म इंग्रजीत असत.

शिफ्टचे साहेब इंग्रजी शाळेतले. त्यांनी डॉकवरच्या सगळ्यांसमोर तो कागद वाचला आणि म्हणाले, “वेंट? दुधाला पाय फुटले काय? कुठं गेलं?” लोक हसले. त्यांनी लाल पेनाने ‘वेंट’ खोडून ‘बिकेम’ लिहिलं. संध्याकाळी टाइप होऊन जो कागद वर गेला त्यात तेही नव्हतं. त्यात होतं, ‘द मिल्क वॉज सावर ऑन रिसीट.’

आता या तिन्ही वाक्यांतला फरक बघा. ‘वॉज’ फक्त स्थिती सांगतं. आलं तेव्हा आंबट होतं, एवढंच. आधी कसं होतं याबद्दल ते मुकं. ‘वेंट’ आणि ‘बिकेम’ दोन्ही बदल सांगतात, म्हणजे आधी चांगलं होतं ही साक्ष त्यांच्या पोटातच असते. ती साक्ष गेली आणि दुधाची कपात वाहतूक ठेकेदाराऐवजी संस्थांच्या बिलातून झाली.

पण मग ‘वेंट’ का, ‘बिकेम’ का नाही? कारण इंग्रजीत वस्तू वाईटाकडे जाते तेव्हा ‘गो’ येतं. दूध सावर, पाव स्टेल, अंडं बॅड, माणूस ब्लाइंड, डेफ, बाल्ड, कंपनी बँकरप्ट, सगळे ‘गो’. उलट दिशेला ते सहसा चालत नाही. आजारी माणूस ‘वेंट हेल्दी’ होत नाही, तो ‘गॉट बेटर’ होतो. साहेबांनी ‘कुठं गेलं’ असं विचारलं याचा मला आजही राग येतो, कारण मराठीतही आपण नेमकं हेच म्हणतो. ‘दूध गेलं’, ‘हा आंबा गेलेला आहे’. माझ्या आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण ‘वेंट’ तिला एका क्षणात कळलं असतं.

मराठी मुलांची अडचण मला वेगळीच वाटते. आपल्याकडे बदल बहुतेक वेळा क्रियापदातच भरलेला असतो. दूध नासतं, पीठ आंबतं, आमटी विटते, केस पिकतात, भात करपतो, लोखंड गंजतं. इंग्रजी पुष्कळदा विशेषण तसंच ठेवून त्याच्या पुढे एक हलकं क्रियापद जोडते. केस ‘टर्न ग्रे’ होतात. म्हणून ‘होणे’ला एकच प्रतिशब्द शोधू नका, कोणत्या विशेषणाला कोणतं क्रियापद जोडलं जातं ते शिका. काही विशेषणांना मागे ‘एन’ लागून स्वतंत्र क्रियापद होतं, जसं ब्लॅकन, रेडन, सॉफन, वायडन. पण ब्ल्यू आणि ग्रीनला ते शेपूट लागत नाही, तिथे ‘टर्न’ किंवा ‘गो’ घ्यावं लागतं. आणि ‘सावर’ तर स्वतःच क्रियापद आहे. ‘द मिल्क सावर्ड’ हेही उत्तम इंग्रजी.

‘टर्न’ मी लॅबमध्येच शिकलो. निळा लिटमस आम्लात ‘टर्न्स रेड’. मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग दुधात घालून करायच्या चाचणीत दूध निळ्याचं पांढरं होतं, तिथेही टर्न. रंग, हवा, वय यांत एक टप्पा ओलांडला की टर्न. ‘शी टर्न्ड सिक्स्टी’ म्हणजे तिला साठ पूर्ण झाली. ‘ग्रो’ हळूहळू होणाऱ्याला, म्हणजे ओल्ड, टायर्ड, डार्क. ‘फॉल’ तर आपलंच वाटेल. आपण आजारी ‘पडतो’, तेही ‘फॉल इल’ होतात. फक्त झोप आपल्याला ‘लागते’, ते मात्र झोपेतही पडतात, ‘फॉल अस्लीप’. विहीर ‘रन ड्राय’ होते, बुटाची नाडी ‘कम लूज’ होते, स्वप्न ‘कम ट्रू’ होतं.

नामाच्या बाबतीत मात्र सांभाळा. ‘बिकम’पुढे विशेषणही चालतं, नामही चालतं. ‘गेट’पुढे नाम आलं की अर्थ ‘मिळणे’ होतो. ‘ही गॉट अँग्री’ बरोबर, पण ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तो डॉक्टर झाला नाही, त्याने डॉक्टर गाठला. ‘टर्न’पुढे थेट नाम आलं तर बहुतेक वेळा ‘अ’ गळतो, ‘ही टर्न्ड ट्रेटर’, म्हणजे फितूर झाला. वस्तूचं रूपांतर असेल तर ‘इंटू’ हवं. पाण्याचा बर्फ होतो तेव्हा ‘टर्न्स इंटू आइस’. आणि मोठेपणी काय व्हायचंय हे विचारताना इंग्रज ‘बिकम’पेक्षा साधं ‘बी’ जास्त वापरतो.

‘बिकम’चीच गंमत सांगतो. त्याचं जुनं रूप ‘येऊन पोचणे’ या अर्थाचं होतं. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘बेकोमेन’ याचा अर्थ आज ‘मिळणे’ असा आहे. म्हणून नवशिके जर्मन लोक हॉटेलात ‘मला पदार्थ बिकम करायचाय’ अशा थाटाचं इंग्रजी बोलून जातात. एका घरातले दोन शब्द, एक ‘होणे’कडे गेला, एक ‘मिळणे’कडे. ‘गेट’ने उलटा प्रवास केला, आधी मिळणे, मग होणे.

लक्षात ठेवायची युक्ती विचारलीत. सूत्र माझ्याकडे नाही. जोड्या म्हणूनच पाठ करा, विशेषण एकटं कधी वहीत लिहू नका. आणि तुमचा शब्द कुणी खोडला तर त्याला विचारा, ‘आधी काय होतं, ते तुमच्या शब्दात दिसतं का?’ मी बावीस वर्षांचा होतो, हे विचारायचं धाडस झालं नाही. शब्दकोश खोलीवर होता, ‘गो’च्या खाली ‘गो बॅड’ छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून नेलाही. बाहेर काढला नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: ‘बिकेम सावर’ व्याकरणाने चूक नाही. परीक्षेत कुणी गुण कापणार नाही, आणि औपचारिक लेखनात ‘गेट’पेक्षा ‘बिकम’ कितीतरी वेळा योग्य ठरतं. त्यामुळे साहेबांच्या लाल पेनातला शब्द मी मान्य करतो. टाइप केलेल्या कागदावरचा ‘वॉज’ मात्र नाही. महिनाअखेरीला चारही संस्थांचे सचिव बिलं घेऊन लॅबच्या खिडकीशी आले होते. त्यांतल्या एकाने मला विचारलं, “आमचं दूध निघतानाच आंबट होतं, असं तुम्ही लिहिलंत का?”