फूटप्लेटच्या अहवालात ‘समाधानकारक’ लिहिण्याआधी

आपली पोस्ट वाचली. सीएलआय (लोको पायलटांवर देखरेख करणारा मुख्य लोको निरीक्षक) होऊन आपल्याला सहाच महिने झाले आहेत, आपल्याकडे नेमून दिलेल्या मालगाडीच्या एका लोको पायलटने होम सिग्नल (स्टेशनात शिरण्याआधीचा थांब्याचा सिग्नल) लाल असताना ओलांडला, वळणावर तो सिग्नल फार उशिरा दिसतो असे त्याचे म्हणणे आहे, आणि वरून मात्र ‘समुपदेशन करून कागद पाठवा’ एवढाच निरोप येतो आहे. नेमक्या याच पेचात मीही एकदा सापडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. कोणता दिवा काय सांगतो हे आपण असिस्टंट लोको पायलट असल्यापासून जाणता, त्यामुळे ते सोडून देतो.

माझ्या वेळी त्या सेक्शनमध्ये विद्युतीकरणाचे खांब नुकतेच उभे राहिले होते, वळणाच्या आतल्या बाजूची झाडे छाटलेली नव्हती आणि मालगाड्या अजून डिझेल इंजिनावर चालत होत्या. दोन लोको पायलटांनी लॉबीत (चालकांच्या हजेरीच्या ठिकाणी) मला सांगितले की एका स्टेशनाचा होम दिसतो, खांबाआड जातो आणि पुन्हा दिसतो तेव्हा फार जवळ आलेला असतो. मी संबंधित कार्यालयाला फोन केला, मग एक पत्रही लिहिले. दोन महिन्यांनी फोनवरच उत्तर आले की संयुक्त पाहणी झालेली असून दृश्यता नियमानुसार आहे. पाहणी कधी झाली, तिच्यावर कोणाच्या सह्या आहेत, हे मी विचारले नाही. त्या कार्यालयाचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. पण पुढे चौकशीत त्यांनी माझे पत्र मिळाल्याची नोंदच नसल्याचे सांगितले, आणि जावक क्रमांक टाकलेला नसल्यामुळे मला ते खोडून काढता आले नाही.

तरीही मला सर्वांत महागात पडली ती माझीच चूक. दरम्यानच्या काळात त्याच सेक्शनमधल्या फूटप्लेट निरीक्षणाचे, म्हणजे इंजिनात चालकासोबत जाऊन केलेल्या पाहणीचे, चार अहवाल मी दिले होते, आणि सिग्नलच्या दृश्यतेच्या रकान्यात चारही वेळा ‘समाधानकारक’ असे लिहिले होते. मी खोटे लिहिले असे म्हणणार नाही. चारही फेऱ्या दिवसा, एक्स्प्रेसवर केल्या होत्या आणि रकाना हाताच्या सवयीने भरला गेला. पुढे एका रात्री मालगाडी तोच सिग्नल इंजिनभर ओलांडून थांबली. चौकशीत लोको पायलटने सिग्नल दिसत नसल्याचे सांगितले, तेव्हा त्याच्यासमोर माझे चार अहवाल ठेवण्यात आले. डिस्टंट (होमची पूर्वसूचना देणारा आधीचा सिग्नल) पिवळा मिळाल्यावर गाडी आटोक्यात आणणे त्याचे काम होते, ते मी नाकारत नाही; पण त्याच्या बाजूचे जे होते ते माझ्याच सहीने खोडले गेले.

होमसारखा स्टॉप सिग्नल किमान 200 मीटरवरून दिसला पाहिजे, अशी आपल्याकडची सर्वसाधारण अपेक्षा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने हे अंतर 12 सेकंदांत संपते, आणि त्यातले चार सेकंद सिग्नल खांबाआड असेल तर भरलेल्या मालगाडीच्या चालकाजवळ किती वेळ उरतो, याचा हिशेब आपणच करावा. म्हणून माझा आग्रह असा की समुपदेशनाचा कागद लिहिण्याआधी त्याच प्रकारच्या इंजिनावर, रात्री, त्याच दिशेने एक फेरी करा. इंजिन लाँग हूड (केबिनच्या एका बाजूचा इंजिनाचा लांब भाग) पुढे ठेवून चालत असेल तर तसेच जा, कारण तेव्हा एका बाजूचे बरेचसे असिस्टंटच्या डोळ्यांनी पाहावे लागते. सिग्नल प्रथम कोठे दिसला, कोठे लपला आणि पुन्हा कोठे दिसला, हे खांबांच्या क्रमांकांसह लिहून ठेवा. नुसते खांब मोजून मीटर काढू नका. वळणावर खांब जवळजवळ असतात.

स्पीडोमीटरची नोंद आणि स्टेशनाच्या डेटा लॉगरची (सिग्नल केव्हा बदलले ते टिपणाऱ्या यंत्राची) नोंद या दोन्ही लगेच मागून घ्या. त्यांची घड्याळे पुष्कळदा जुळत नाहीत, आणि मिनिटभराच्या फरकाने ब्रेक कधी लावला याचा अर्थ पार बदलतो. संयुक्त पाहणी झाली आहे असे कोणी सांगितले तर तारीख आणि सह्या असलेली प्रत मागा, आणि आपल्या प्रत्येक पत्राची पोच घ्या.

समुपदेशनाच्या कागदाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, आणि ते सगळ्यांना पटेल असेही नाही. चालकाला नियम खरेच कळला आहे का, हे त्या कागदावरून समजत नाही. 17 जून 2024 रोजी रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बिघडलेले होते, आणि तेथून गेलेल्या वेगवेगळ्या चालकांनी लाल सिग्नल ओलांडण्यासाठी मिळालेल्या एकाच परवानगीपत्राचे वेगवेगळे अर्थ लावले होते. लाल स्वयंचलित सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबायचे, हे लॉबीत विचारले तर प्रत्येक जण घडाघडा म्हणून दाखवतो. हातात परवानगीपत्र असेल तर वेग किती ठेवशील, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. तो विचारावा, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

मी निवृत्त झालो आहे. नियमांत दुरुस्त्या होत असतात आणि प्रत्येक झोनचे सबसिडियरी रूल्स (पूरक नियम) वेगळे असतात, त्यामुळे आपल्याकडची चालू प्रत पाहूनच पुढे जा. पण त्या सेक्शनबद्दल आपण स्वतः आजवर काय लिहून दिले आहे, ते जुने अहवाल आजच काढून वाचा. माझ्यासारखा शब्द सापडला तर त्यात खाडाखोड करू नका. रात्रीच्या फेरीनंतर नव्या तारखेचा स्वतंत्र अहवाल द्या, आणि आधीची निरीक्षणे दिवसाची होती हे त्यात स्पष्ट लिहा.