एकच डीएनए, मग पेशी वेगवेगळ्या कशा?

प्रश्न : शरीरातल्या सगळ्या पेशींत तोच डीएनए असतो, असं वाचलं. मग यकृताची पेशी यकृताचीच कशी राहते? नको असलेली जनुकं ती काढून टाकते का?

उत्तर : नाही, जनुकं जागच्या जागी असतात. डॉली मेंढीनं ते दाखवून दिलं. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेली डॉली एका मोठ्या मेंढीच्या कासेतल्या पेशीच्या केंद्रकापासून घडली होती. कासेच्या पेशीतून अख्खी मेंढी झाली, म्हणजे डोळा, हाड, मेंदू या सगळ्यांच्या सूचना तिथं शाबूत होत्या. (आपल्या तांबड्या रक्तपेशी मात्र अपवाद, त्या पक्व होताना केंद्रकच टाकून देतात.)

मग फरक कुठं पडतो? कोणतं जनुक वाचलं जातं, यात.

मी विद्यार्थ्यांना डीएनए वेगळा करायला शिकवते. पेशी साबणाच्या द्रावणात फोडायच्या, मीठ घालायचं, वरून थंडगार अल्कोहोल अलगद सोडायचं. दोन थरांच्या सीमेवर पांढरे, शेवाळासारखे तंतू उठतात आणि काचकांडीला गुंडाळले जातात. मला तो क्षण अजूनही फार आवडतो. पण पेशीत डीएनए असा मोकळा नसतो, हे मी दर वेळी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला, तर सुमारे २ मीटर भरेल. केंद्रकाचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणून हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचा एक पुंजका, त्याभोवती डीएनएच्या अक्षरांच्या (ए, टी, सी, जी) १४७ जोड्यांचा तुकडा, जेमतेम पावणेदोन वेढे. मग थोडा मोकळा धागा आणि पुढचा पुंजका. डीएनएवर ऋण भार असतो, हिस्टोनांवर धन, म्हणून पकड घट्ट बसते. हिस्टोनाला अ‍ॅसिटिल गट (अणूंचा एक छोटा समूह) चिकटला की धन भार कमी होतो, पकड ढिली पडते आणि जनुक वाचणारी विकरं (एन्झाइम) आत पोचतात. उलट, जनुकाच्या सुरुवातीच्या भागातल्या सायटोसिनांवर, म्हणजे ‘सी’ अक्षरांवर, मिथिल नावाचे तसेच छोटे गट बसले की ते जनुक सहसा गप्प राहतं.

आता ‘यकृताचीच कशी राहते’ याबद्दल. हे मिथिल गट मुख्यतः जिथं सी-नंतर जी येतो तिथं बसतात. सी-समोर नेहमी जी, म्हणून समोरच्या धाग्यावरही उलट दिशेनं वाचलं तर सी-जीच येतं. पेशी विभागताना जुन्या धाग्यावर ही मिथिलची खूण असते, नव्यावर नसते. असं अर्धवट खुणावलेलं ठिकाण ओळखून एक विकर नव्या धाग्यावरही खूण करतं. दुहेरी धाग्याची रचना अनुक्रमाची नक्कल करायला उपयोगी पडते, हे शाळेतच शिकवतात. तीच रचना ‘हे वाचू नको’ ही सूचनाही पुढच्या पेशीला देते, हे मला त्याहून विलक्षण वाटतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर काळ्या-नारिंगी ठिगळांची मांजरी बघा. तिच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. गर्भावस्थेत सुरुवातीलाच त्यांतलं एक घट्ट मिटतं आणि त्या पेशीच्या साऱ्या वंशजांत तेच मिटलेलं राहतं. अशा मांजरीत नारिंगी रंगाचं जनुक दोनपैकी एकाच एक्सवर असल्यामुळे जिथं ते उघडं, तिथं नारिंगी ठिगळ. जिथं मिटलं, तिथं काळं. बोक्याकडे एकच एक्स असतो, म्हणून असा दुरंगी बोका क्वचितच दिसतो आणि दिसलाच तर त्याच्याकडे बहुधा एक जादा एक्स असतो.